सगळ्या ऑफिसचा दादा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

सख्ख्या भावाचा हेवा वाटला तर सांगायचं कुणाला? मला उत्तर सापडलं नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे. फोनवर जमलं नसतं. तू हसतोस आणि मी मुद्दा विसरते.

आमच्या डेटा सेंटरमध्ये नळ जोडून तू गेलास, त्याला पंधरा दिवस झाले. त्या जुन्या दालनात आता एआयच्या संगणकांची कपाटं आली आहेत. एकेक कपाट पूर्वीच्या दहांइतकं तापतं. फरशीच्या भोकांतून थंड वारा कसा खेळवायचा हे मी चार वर्षं शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, आणि आता साहेब म्हणतात की वाऱ्याने भागणार नाही, यंत्रांच्या अंगाशी पाणीच न्यायला हवं. म्हणजे इंजिनिअर मी आणि गरज नळवाल्याची!

तू जाऊनही गेला नाहीस. कुठे थेंब दिसला की म्हणे दादाला विचारा. वॉचमनसुद्धा तुला दादा म्हणतो. अरे, तू फक्त माझा दादा होतास ना? परवा साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, की नळ वीजतारांच्या खालून नेण्याची माझी सूचना मोलाची ठरली. मी अशी सूचना केलीच नव्हती. माझ्या नकाशात नळ तारांच्या वरून होते. सगळं शिक्षण वाऱ्याचं, पाणी ठिबकतं हे सुचलंच नाही. माझं नाव पुढे करणारा तूच, हे कळूनही मी गप्प बसले, आणि राग मात्र तुझाच आला.

आईला नमस्कार. रागाखाली लोभ आहे, तेवढा शोधून घे.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी

चि. वकीलबाईंस,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली. इंजिनिअर झालीस तरी भांडताना तू आमची वकीलबाईच.

बाबांच्या हाताखाली शिकताना मी एकदा एका बाईंच्या गादीवरून नळ नेला होता, गादी पार भिजली. बाबांनी ते कुणाला सांगितलं नाही. तुझा नकाशा मीही नाही सांगितला. विषय संपला.

काल तुझ्या साहेबांचा फोन आला. त्या दालनाचं पाणी सांभाळायला कायमचा माणूस हवाय, त्याचा अर्ज बहिणीकडे देऊन दहा दिवस झाले, मिळाला का, असं विचारत होते. मिळाला, विचार करतोय, असं मी सांगितलं. मला ते काम हवंय, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? लोकांच्या मोऱ्या उपसून कंबर गेली. पण मी तुला काही विचारणार नाही.

हेव्याचं म्हणशील, तर तुझा पदवीचा फोटो लावायला खिळा मीच ठोकला होता. सपाटी बघायची लेव्हल खिशात असूनही फोटो जरा तिरका लावला. आईला अजून कळलेलं नाही.

लोभ आहेच, त्याची विनंती कसली करायची.

दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. आणि कान धरून माफी.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही अर्ज माझ्या खणात होता, तू आलास तर माझी जागा जाईल या भीतीने. त्या दालनाची प्रमुख मीच होणार, असं मी आईला सांगून बसले होते. हातांनी काम करणाऱ्याला कमी लेखू नका, अशी कॉलेजात भाषणं ठोकणारी मी! तू माझ्यासाठी साहेबांशी खोटं बोललास, त्याचाही हेवाच वाटला. इतकं मोठं मन मला का नाही?

काल सकाळी साहेबांच्या टेबलावर जुना नकाशा पसरला. नळ तारांवर मी काढले, खाली दादाने आणले, अर्जही मीच अडवला, असं सांगितलं. त्यांनी नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, प्रमुखपदाचं पुढे बघू. मी बाहेर येऊन रडले.

फोटो तिरकाच असू दे. मलाही तो तसाच बरा वाटेल.

अर्ज सोबत आहे, तुझी सही तेवढी बाकी. शिफारस करणाऱ्याच्या जागी माझी सही आहे. नात्याच्या रकान्यात बहीण लिहिलं. पुढे थोडी जागा उरली होती, तिथे लिहून टाकलं, की याच्या हाताखाली काम शिकायला मी तयार आहे. पुसता येऊ नये म्हणून पेनानेच लिहिलंय.

तुझीच
वकीलबाई