परसातला गॅस बंद करू नये म्हणून

मी, सुनंदा लिंबाजी वाव्हळे, वय सव्वीस, प्राथमिक शिक्षिका, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. पुढच्या सोमवारी मुंबईला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात. तरी लिहिते, कारण माझ्यामागे परसातला गोबरगॅसचा खड्डा बुजवायला कोण येईल हे मला ठाऊक आहे.

१. घर व परस माझ्या नावावर आहे. ते आई सरजाबाईला, तिच्यानंतर धाकटी बहीण नर्मदा हिला. परसातला गोबरगॅस दोघींनी बंद करू नये, दुसऱ्या कोणाला करू देऊ नये.

२. या गॅसला आमचा संडास जोडलेला आहे. एका म्हशीच्या शेणावर दोन वेळचा स्वयंपाक भागेना, म्हणून मीच जोडून घेतला. तेव्हापासून चुलते किशनराव आमच्याकडे पाणीसुद्धा घेत नाहीत. भर अंगणात म्हणाले, “गावची घाण उचलणं आमी सोडलं, आन् तू तिच्यावर भाकरी भाजायलीस?” त्यांच्या वडिलांनी गावची मेलेली जनावरे ओढली होती, म्हणून मला राग आला नाही. मी म्हणाले, “काका, ह्यात कोणी काही उचलत न्हाई. आपलंच हाय, आपल्याच नळीतून जातंय.” त्यांना पटले नाही. मी हटले नाही.

३. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत जुन्या गावी आमचे घर जाळायला छपरावर ओतले ते रॉकेल होते. इथे आल्यावर त्याच रॉकेलसाठी आई रांगेत उभी राहायची आणि आमचा डबा सर्वांत शेवटी भरला जायचा. त्याच्याच चिमणीखाली मी मॅट्रिक झाले, घरात पहिली, हेही खरे. पण ज्यासाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळावे लागते ते या घरात पुन्हा येऊ नये.

४. पासबुकातली रक्कम गॅसच्या लोखंडी टाकीच्या रंगाला व दुरुस्तीला वापरावी. पुस्तके नर्मदाला. तिने शेण कालवताना खडे काढावेत. ती आळस करते.

५. मी परत आले नाही, तर माझ्यामागे जलदानाच्या विधीचे जेवण याच गॅसवर शिजवावे. ज्यांना चालत नाही त्यांना नमस्कार करून जाऊ द्यावे. वेगळी चूल मांडू नये.

६. रॉकेलचा स्टोव्ह काकांना द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकिलांच्या कारकुनाने सांगितले, म्हणून आजच त्यांच्या हाती दिला. मी काकांनाच साक्षीला बोलावले, म्हणजे पुढे कोणी माहीत नव्हते म्हणणार नाही.

सर्व वाचून दाखवल्यावर काकांनी हातातला स्टोव्ह खाली ठेवला. मग म्हणाले, “लिही, पाचव्यातलं जेवण किशनराव जेवणार न्हाई. म्हणून तू नीट परत ये.” त्यांच्या सांगण्यावरून लिहिले. पाचवे कलम तसेच ठेवले आहे.

सही: सुनंदा लिंबाजी वाव्हळे

साक्षीदार:
किशनराव धोंडिबा वाव्हळे, चुलते (सही)
रंगनाथ सिताराम कदम, मुख्याध्यापक (सही)

बोरी, ११ ऑक्टोबर १९८७