भाच्यानं धंद्याआधी काय वाचावं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरतेस ना, की अजूनही "मला काय धाड भरलीये" म्हणत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढतेस? दाजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसेल थांबला, तर त्यांना रोज नवीन डॉक्टरकडे नेऊ नकोस, एकाच डॉक्टरला जरा कंटाळू दे. इकडे आमचं सगळं ठीक आहे. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाचशीलच.)

तुझं पत्र मिळालं. भाचेबुवा नोकरी सोडून सायकलदुरुस्तीचं दुकान काढतायत हे वाचून आनंद झाला आणि त्याच ओळीवर काळजीही वाटली. शेवटी तू लिहिलंयस, "तू धंद्यावरची बरीच पुस्तकं वाचलीस म्हणे, तर त्याला वाचण्यासारखी चांगली सुचव." त्या "म्हणे"पाशी मी बराच वेळ थांबलो. कोण म्हणे, हे मला माहीत आहे. तुझा धाकटा दीर. म्हणजेच माझा भागीदार. म्हणजे मागच्या महिन्यापर्यंत होता तो. त्यानं तुला कितपत सांगितलंय कल्पना नाही. त्याचा स्वभाव पाहता "सध्या जरा विश्रांती घेतोय" एवढंच सांगून त्यानं पुढची पोळी वाढून घेतली असेल. तेव्हा सगळं मीच सांगतो, कारण पुस्तकं सुचवायची तर त्यांनी आमचं काय केलं हे सांगितल्याशिवाय सुचवणं बरं नाही.

तुला आमचं दुकान माहीतच आहे. समोर काउंटर, मागे फ्रेमच्या पट्ट्यांचे गठ्ठे, मध्ये कापायचं टेबल आणि त्या टेबलापाशी तो. गिऱ्हाईक फोटो घेऊन येणार, मी गोड बोलणार, तो पट्टी कापणार, कोपरे जोडणार, फोटोभोवती पुठ्ठ्याचं माउंट लावणार, काच बसवणार, आणि संध्याकाळी मी पुन्हा गोड बोलून ते गिऱ्हाइकाच्या हातात देणार. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्याला धंदा म्हणतात असा आमचा समज होता. एक दिवस काच गुंडाळायला रद्दी घेतली, तर त्यात वर्तमानपत्राचं पान निघालं. छोट्या उद्योजकांनी वाचलीच पाहिजेत अशी पुस्तकं. त्यातलं "वाचलीच" मला लागलं. म्हणजे सगळे छोटे उद्योजक वाचतायत आणि मी एकटाच काच गुंडाळत बसलोय, असं वाटलं. काच दुसऱ्या कागदात गुंडाळली, ते पान खिशात घातलं आणि दुपारी कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सगळी घ्या, एकेक नेणारे परत येत नाहीत." तेव्हा मला हे कौतुक वाटलं होतं.

पहिलं पुस्तक निळं. त्याच्या पाठीवर लेखक हाताची घडी घालून उभा आहे आणि आपल्याकडे असं बघतोय की आपणच त्याचा वेळ घेतोय. त्याचं म्हणणं, आपण नेमकं काय विकतो हे ओळखा, वस्तू सांगू नका, वस्तूमागची गोष्ट सांगा. मी जेवणावर बसून विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की आपण फ्रेमा विकतच नाही, आठवणी विकतो. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावून पाटीवरचं "फ्रेम, काच, माउंट" पुसून घेतलं आणि "आठवणींचं घर" लिहून घेतलं. तुझ्या दिरानं पाटीकडे बघितलं आणि विचारलं, "आणि काच फुटली तर लोकांनी कुठे जायचं?" (तो असाच. हट्टी. नवीन काही म्हटलं की आधी काच फोडून बघतो.)

नंतरचे दिवस काय सांगू. एक बाई सासूबाईंना घेऊन आल्या, त्यांना हल्ली काही आठवत नाही, तपासायची वेळ काय असते म्हणून विचारलं. एकांनी वडिलांना इथे ठेवायची सोय आहे का, खोलीला खिडकी आहे का, असं विचारलं आणि माझ्या मागच्या पट्ट्यांच्या खोलीत डोकावूनही आले. एक म्हातारे गृहस्थ मात्र पाटी वाचून सरळ आत येऊन खुर्चीत बसले आणि गेलेल्या बायकोबद्दल बोलू लागले. फोटो नव्हता आणला, काही करून घ्यायचंही नव्हतं. पाटीवर आठवणी लिहिलं होतं म्हणून आले होते. मी निळ्या पुस्तकात अशा प्रसंगी काय करायचं ते शोधत होतो. तुझ्या दिरानं टेबलावरचा पसारा बाजूला सारला, त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि काम करता करता ऐकत राहिला. ते रोज येऊ लागले. शेवटी त्यानं त्यांच्या बायकोचा चष्मा मागून घेतला आणि एका खोल चौकटीत, काचेमागे, नाकावर असतो तसा जरा तिरका बसवून दिला. ते गृहस्थ तो छातीशी धरून घेऊन गेले. मला वाटलं, निळं पुस्तक खरं ठरलं. आता कळतं की त्यात पुस्तकाचं काहीच नव्हतं.

दुसरं पिवळं. त्याचं म्हणणं, किरकोळ कामं धंद्याला खातात, ती सोडा, मोठ्यावर लक्ष द्या. मी हुक बसवणं, दोरी बदलणं, फुटकी काच बदलणं, हे सगळं बंद करून टाकलं. पलीकडच्या शाळेतल्या बाई इतकी वर्षं फुटक्या काचा घेऊन यायच्या (त्यांच्या वर्गात चेंडू आत येतो, बाहेर जात नाही). त्यांना मी नम्रपणे सांगितलं की आता आम्ही मोठ्या कामांवर लक्ष देतो. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." आणि शाळेचे सगळ्या वर्गांचे फोटो या वर्षी दुसऱ्या दुकानात गेले. मोठं काम म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं, पण तोवर मी तिसऱ्या पुस्तकात शिरलो होतो.

तिसरं लाल. ते गिऱ्हाइकाशी बोलण्याबद्दल आहे. माप विचारू नका, "का" विचारा, आणि उत्तर मिळालं की पुन्हा "का" विचारा, म्हणजे खरी गरज तळातून वर येते. एक मध्यमवयीन गृहस्थ समुद्राचं एक मोठं चित्र घेऊन आले.

मी विचारलं, "हे का लावायचंय?"

"भिंत रिकामी दिसते."

"का रिकामी दिसते?"

"आधी तिथे दुसरा फोटो होता."

"तो का काढला?"

त्यांनी चित्राची कड चाचपली. मग म्हणाले, "ती तो घेऊन गेली." आणि समुद्राची गुंडाळी करून, माझ्याकडे न बघता, दुकानाबाहेर पडले. खरी गरज तळातून वर आली होती, ताई, आणि मी तिचं काय करायचं ते पुढच्या प्रकरणात होतं. तुझा दीर टेबलामागून धावत गेला, त्यानं त्यांना कोपऱ्यावर गाठलं. काय बोलला मला माहीत नाही, पण चित्र घेऊन परत आला आणि मला एवढंच म्हणाला, "साधी पट्टी, पांढरं माउंट. तू काही विचारू नकोस."

इथे मी थांबायला हवं होतं. (इथे थांबावं असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं, हा त्या पुस्तकांचा मोठा दोष आहे.) पण चौथं राहिलं होतं. चौथं सगळ्यांत जाड. त्यात भागीदारीवर आख्खं प्रकरण होतं. भागीदारांनी आठवड्यातून एकदा समोरासमोर बसावं आणि एकमेकांच्या उणिवा मोकळेपणानं सांगाव्यात, न बोललेलं धंदा पोखरतं. मला ते पटलं. खरं तर आमच्यात न बोललेलं असं काही नव्हतं. जे काही असायचं ते तो बडबडत पट्टी कापायचा आणि मी न ऐकता गिऱ्हाईक करायचो, आणि त्यातच आमचं बरं चाललं होतं. पण पुस्तकात बैठक होती म्हणून मी बैठक बोलावली.

शटर अर्धं खाली ओढलं. तो टेबलापाशी त्याच्या स्टुलावर, मी पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर. मी घसा खाकरला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. म्हटलं, "तू कारागीर म्हणून चांगला आहेस, पण तुझ्या गतीमुळे संस्थेची वाढ खुंटली आहे." आता तूच सांग, आपल्या दुकानाला संस्था कोण म्हणतं? त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. मग शांतपणे विचारलं, "हे तू म्हणतोयस, की पुस्तक?"

ताई, तेवढंच एक उत्तर मी नीट द्यायला हवं होतं. पुस्तक म्हणालो असतो, तर तो हसला असता. मला पुस्तक दाखव म्हणाला असता, त्या लेखकाच्या फोटोला नावं ठेवली असती आणि आम्ही शटर ओढून घरी गेलो असतो. पण त्या क्षणी मला वाटलं की पुस्तकामागे लपतो म्हणेल. मालकासारखं बोलावं. मी म्हणालो, "मी म्हणतोय."

त्यानं मान हलवली. एप्रन काढला, घडी घातली, करवतीवर फडकं टाकलं. दाराशी जाऊन म्हणाला, "नर्सबाईंच्या फोटोला काच लावायची राहिलीये, उद्या लाव, मधल्या जाडीची घे." आणि अर्ध्या शटरखालून वाकून गेला. मी त्याला हाक मारली नाही, कारण हाक मारायची की नाही हे मी मनातल्या मनात त्या प्रकरणात शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी येईल असं वाटलं. मग परवा येईल असं वाटलं. नर्सबाईंचा फोटो म्हणजे त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आख्ख्या वॉर्डनं एकत्र काढलेला, खूप लोक, सगळे हसतायत. काच मीच बसवली. मधली जाडी संपली होती, मी जाड घेतली. चौकटीचा एक कोपरा थोडा उघडा राहिला, त्या फटीत पुट्टी भरली, वर रंग लावला आणि गोड बोलून दिला. त्यांच्या घरी भिंतीवर तो कोपरा उघडला आणि काच सरकली. फोटोला काही झालं नाही, कोणाला लागलंही नाही. त्या परत घेऊन आल्या आणि रागावल्याही नाहीत. आत टेबलाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "ते नाहीत का आज?" मी म्हटलं, "बाहेर गेलेत." हेच आता मी सगळ्यांना सांगतो. म्हातारे गृहस्थही येऊन बसतात, मी चहा देतो, पण त्यांना मी ऐकतोय असं वाटत नाही, आणि ते खरंच आहे.

एक दिवस दुकानात कोणी नव्हतं म्हणून जाड पुस्तक पुन्हा हातात घेतलं. पहिल्यांदा वाचताना मी सरळ पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली होती, आधीची कोरी वाटणारी पानं सोडून. त्यातलं एक पान कोरं नव्हतं. अर्पणपत्रिका होती. "माझ्या पहिल्या भागीदारास, जो हे पुस्तक वाचणार नाही."

आख्ख्या जाड पुस्तकात ती एकच ओळ त्या लेखकानं स्वतः भोगून लिहिलेली होती आणि तीच मी सोडली होती.

तेव्हा भाच्याला माझ्याकडून असं सांग. पुस्तकं वाच, वाचायला हरकत नाही, त्यांच्यात चांगलंही असतं. पण आधी अर्पणपत्रिका वाच. आणि पुस्तकातलं वाक्य माणसाला ऐकवायचं झालं, तर ते पुस्तकातलं आहे हेही त्याच दमात सांग. चारही पुस्तकं मी त्याच्यासाठी बांधून ठेवली आहेत. नको असतील तर सायकल उभी करताना चाकाखाली लावायला चांगली आहेत, विशेषतः जाड.

दाजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. तू गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. – तू पुस्तकांबद्दल एकच ओळ विचारली होतीस, हे मला माहीत आहे. रविवारी तुझा दीर तुझ्याकडे जेवायला असतो ना? माझं नाव न काढता जरा बघ, तो कसा आहे. नवीन काम बघतोय का, तेवढंच विचार. मी विचारलं असं सांगू नकोस.

ता. क. – नको, विचारूही नकोस. तुला असं सहज विचारणं जमत नाही, तुझा आवाज लगेच बदलतो. त्यापेक्षा एक कर. हे पत्र जेवणाच्या टेबलावर चुकून राहिल्यासारखं ठेव आणि स्वयंपाकघरात जा. मध्ये एका ठिकाणी मी त्याला हट्टी म्हटलंय, ते मुद्दाम खोडलं नाही. खोडलं तर तो उजेडात धरून नेमकं तेवढंच वाचेल.

ता. क. – अरे, तू इथपर्यंत वाचलं असशील तर ऐक. ते पुस्तक म्हणत होतं. मी नाही. तुला माझ्यावर रागवायचं असेल तर दुकानात येऊन रागव. तू तिकडे वहिनींकडे बसून रागवतोस, ते मला इथे ऐकू येत नाही.