आठ पायांचा जीव

प्रिय अण्णा,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, भलतं समजू नका. तुमचा निरोप पोचला. आईला चार दिवसांसाठी पाठवली होती, महिना झाला, आता मुकाट्याने गाडीत बसवून दे म्हणे. आई म्हणजे काय तुमची सांडशी आहे, उसनी दिलेली?

मी इथे काय करतो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, तरी सांगतो. बारीक जिवांवर प्रयोग करतात त्या इमारतीत मी गार टाक्या भरतो. हवेतलाच एक वायू, पण इतका गार केलेला की त्याचं पाणी झालंय. फरशीवर सांडलं तर तापल्या तव्यावरच्या थेंबासारखं नाचतं आणि उडून जातं. पहिल्या दिवशी मी झाकण घट्ट दाबून बसवलं, तर मुकादम अंगावर धावून आला. ते आतल्या आत उकळत असतं, वाट दिली नाही तर टाकी फुटते. मला आपलं घर आठवलं. तुमच्या भट्टीत पितळ वितळायचं, तुम्ही नाही. झळ सोसली की माणूस पक्का होतो म्हणत मला सातवीतून काढून भट्टीच्या तोंडाशी उभं केलंत. पक्का झालो नाही, पळालो.

आणि आईचं कौतुक सांगायचात, बघ, कधी तोंडातून ब्र काढला नाही. शिवणयंत्राचा आवाज डोक्यात जातो म्हणून तुम्ही ते माळ्यावर टाकलंत, तेव्हाही नाही.

इथे एक जीव आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगाखाली आठ पायांचा, गुबगुबीत. त्याला सुकवतात आणि माझ्या टाकीत बुडवतात. मरत नाही. मी म्हटलं काय चिवट आहे, अण्णांना आवडला असता. तर प्रयोगवाल्या बाई म्हणाल्या, अरे, तो सोसत बिसत काही नाही. अंगातलं पाणी टाकून गोळा होतो आणि जगणंच थांबवतो. मग कुणी पाण्याचा थेंब टाकला की बऱ्याच वेळाने एखादा पाय हलतो. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

आई आली तेव्हा पंखा लावू का, हेसुद्धा मला विचारायची. आता शेजारणीशी नळावरून हुज्जत घालते. परवा मला म्हणाली, भांडी काय घासतोस रे गाढवा, तळ बघ जरा. जन्मात पहिल्यांदा तिची शिवी खाल्ली. गोड लागली.

तर पत्राचं कारण. रविवारी आम्ही दोघं येतोय. राहायला नाही. तिला तिचं यंत्र हवंय. मी म्हटलं, अण्णा भट्टीवर असतील तेव्हा गुपचूप उचलू. नाही म्हणाली, ते घरी असतानाच जायचं, मला बोलायचंय, तसं लिही. तेव्हा यंत्र उतरवून, पुसून दाराशी ठेवा आणि घरी असा. सुरुवातीला तिला वेळ लागेल. मध्ये तोंड घालू नका.

नाइलाजाने का होईना, तुमचाच,
थोरला