जावयाकडे पावती कशी मागू

रत्नागिरी, मंगळवार, फेब्रुवारी २००३

लिही गो सुमे, आजी सांगते तसंच. आज पाहणीवाली पोर आली होती. पैशांतलं कोणाला काय कळतं, ते घरोघर विचारत फिरते.

"आजी, पैसे गुंतवताना पावती घेता?"

"एजंट माझा जावई. त्याला सुरमईची तुकडी वाढू की पावती मागू?"

दोघी हसलो. पण आंब्याचे पैसे त्याच्याच कंपनीत, आणि कंपनीला गणपतीपासून कुलूप. पावती मागितली असती तर... जावयाकडे? छे!

तक्रार कुठे करायची, तेही तिने नीट समजावलं. तिथे पहिलं नाव जावयाचंच सांगावं लागणार. लेक नांदते त्याच्याच घरात.

"आता कळलं ना, आजी?"

तिला म्हटलं, "नाही कळलं, असं लिही तुझ्या कागदावर."