बाराव्या भागाखालची तांबडी रेघ

२ एप्रिल

आमच्या घरात वार्ताहर शिरले आहेत. तेही कोरियाचे — आणि अस्खलित हिंदी बोलणारे!

महाविद्यालयातून परतले तर आई आणि शेजारच्या झुबेदामावशी टीव्हीसमोर. मध्ये परातभर गवार. एकही शेंग मोडलेली नाही. पडद्यावरच्या मालिकेत सोलच्या एका वृत्तवाहिनीची वार्ताहर मुलगी पुराच्या पाण्यात उभी राहून बातमी देत होती. केस कोरडे. बूट कोरडे! मी पत्रकारितेत पीएच.डी. करून तोच विषय शिकवते. मला राहवले नाही. म्हटले, ‘पुरात उतरलेल्या वार्ताहराचे बूट असे दिसत नाहीत.’

‘बुटाकडं कोण बघतंय गं,’ आई म्हणाली. ‘तो बघ, तिच्याकडं कसा बघतोय!’

‘आन् बोलत काय न्हाई,’ झुबेदामावशी म्हणाल्या. ‘आमचं हे बी बोलत न्हाईत. फक्त ह्यो देखणा हाय.’

‘रिकामटेकड्यांचा धंदा,’ एवढे म्हणून बाबा कांदा साठवायच्या चाळीकडे निघून गेले. बाबांचे आणि माझे एकमत होण्याचे प्रसंग दुर्मीळ. आजचा त्यांपैकी एक.

३ एप्रिल

निर्णय घेतला. चर्चासत्रातील माझ्या निबंधाचा विषय — ‘परदेशी मालिकांतील पत्रकारितेचे विपर्यस्त चित्रण’. टीका करायची तर मूळ पाहिले पाहिजे. न पाहता टीका करणारे सहकारी मला पुरेसे आहेत.

मालिका पाहायचे खाते घरात एकच आहे. मीच काढलेले. आमचा टीव्ही, तिघांचे फोन आणि झुबेदामावशींचाही टीव्ही — सर्व त्या एका खात्यावर. परंतु मी माझ्या फोनवर पाहणार, प्राध्यापककक्षात, कानात यंत्र घालून. कोणाला कळण्याचे काहीही कारण नाही.

४ एप्रिल

तीन भाग पाहिले. दोष इतके निघाले की चौथाही आजच पाहणे संशोधनाच्या दृष्टीने आवश्यक ठरले.

५ एप्रिल

माझे जुने इअरफोन सापडत नव्हते. बाबांनी नेले म्हणे! ‘बाजारभाव बघाया लागत्यात.’ बाजारभाव लेखी येतात. चाळीत डोक्यावरून उपरणे ओढून ते तासभर कोणते भाव ऐकतात? पण या घरात प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. नवे घेतले.

६ एप्रिल

प्रामाणिकपणे लिहिते, कारण हे पान कोणी तपासणार नाही. या मालिकेचे आकर्षण नायकाच्या चेहऱ्यात नाही. (चेहरा बरा आहे.) तो *ऐकतो*. ती बोलत असता मध्ये तोंड घालत नाही, फोन पाहत नाही, वाक्य संपेपर्यंत थांबतो — आणि संपल्यावरही थोडा थांबतो, न जाणो तिला आणखी काही म्हणायचे असेल! मला पाहायला आलेल्या एका अभियंत्याने माझे तिसरे वाक्य पुरे होऊ दिले नव्हते. मीही त्याला चहाचा दुसरा कप मिळू दिला नाही.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या आमच्या गच्चीवरून दिसतात. अहोरात्र आकाशाचे ऐकत असतात. खाली आमच्या घरात कोणी कोणाचे ऐकत नाही.

निबंधात यातले काही घालता येणार नाही.

८ एप्रिल

आज नवव्यापासून अकराव्यापर्यंत तीन भाग सलग संपवले. तास बुडवला नाही. किंचित उशिरा गेले.

९ एप्रिल

अनर्थ!

आई आणि झुबेदामावशी रोज दुपारी एकच भाग पाहतात, तोही जोडीने. एकीशिवाय दुसरीने पाहायचा नाही, अशी गळ्याशपथ झालेली. आज नववा. आईला इंग्रजी अक्षर वाचता येत नाही. परंतु पाहिलेल्या भागाखाली तांबडी रेघ उमटते, हे ज्ञान तिला आहे. मला नव्हते. फोनवर पाहिलेले टीव्हीवर उमटते, हे तर मुळीच नव्हते!

नवव्याखाली रेघ. दहाव्याखाली, अकराव्याखाली, बाराव्याखाली — टोकापासून टोकापर्यंत.

‘झुबे,’ आई हळूच म्हणाली, ‘एकलीनंच बघितलंस व्हय?’

‘म्या? रोजे सोडले न्हाईत मी कवा, आन् शपथ मोडंन? तूच बघितलंस प्रयागा! तुलाच दम न्हाई. कुरडई वाळायच्या आधी तोंडात टाकणारी तू!’

‘माझं घर, माझा टीवी. मला चोरून बघायची काय गरज? तुझ्याबी घरी चालतंय ना हे?’

‘आस्सं? मंग बघ तुझ्या घरी, तुझा टीवी!’

मावशी उठल्या. चप्पल उलटीसुलटी घालून गेल्या. मी दारात उभी होते, हातात फोन, फोनमध्ये तीच मालिका. तो पाठीमागे धरला.

विद्यार्थ्यांना मी सांगते — चूक जितक्या ठळकपणे छापली, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती छापा.

१० एप्रिल

गहू भिजत घातलेले आहेत! मी विसरलेच होते. दर चैत्रात दोघी मिळून कुरडया करतात — गच्ची आमची, पितळी सोऱ्या मावशींचा. गव्हाचा गरम चीक एकीने हाटायचा, दुसरीने सोऱ्यातून दाबून कुरडया पाडायच्या. एकटीचे काम नव्हे. मी लहान होते तेव्हापासून यात खंड नाही. आजारपणातही नाही.

आई म्हणते, ‘नगं तिचा सोऱ्या. टाकून दीन गहू गाईला.’

१२ एप्रिल

गव्हाच्या पाण्याला आंबूस वास सुटला. उद्या चीक काढला नाही तर सगळे वाया.

दुपारी आई टीव्हीसमोर बसली होती. टीव्ही बंद. गवार मात्र सगळी मोडून झाली होती.

१३ एप्रिल

निवेदन लिहून काढले. चार परिच्छेद, पहिल्यात संशोधनाची पार्श्वभूमी. आईला हाताला धरून मावशींच्या दारात नेले आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला मावशींनी कागद काढून घेतला.

‘मराठीत सांग की गं अश्वे.’

‘मी पाहिले,’ म्हणाले. ‘चोरून.’

आई —

‘तू? बुटं बघनारी?’

‘बारावाबी?’ मावशींनी विचारले.

मला स्वतःला अकरापर्यंतच आठवत होते. पण रेघ बाराव्याखालीही होती आणि अर्धवट कबुली मला कोणाचीच आवडत नाही. एखाद्या मोकळ्या तासाला डोळा लागला असेल, फोन चालू राहिला असेल. ‘बारावाही,’ म्हणाले.

‘प्रयागा, पोरीला डाक्टर केलंस, आन् काय केलंस!’

‘काय करू बाई. लगीन न्हाई केलं तिनं, आन् दुसऱ्याचं लगीन बघतीय चोरून!’

दोघी हसू लागल्या. एकमेकींचे हात धरून, माझ्याकडे बोट दाखवून. वीस मिनिटांत सोऱ्या आमच्या गच्चीवर होता. मला शिक्षा — चीक मी हाटायचा, आणि नवव्यापासून सर्व भाग पुन्हा पाहायचे, त्यांच्यासोबत, तोंड मिटून.

चिकात गुठळ्या झाल्या. माझ्या हयातीतील पहिले काम, जे मी वाईट केले आणि ज्याचे मला दुःख नाही.

१६ एप्रिल

आज बारावा.

हिमवर्षावात ती थेट प्रक्षेपण करते आहे. डोक्यावर छत्री. छत्री कोणी धरली आहे ते प्रेक्षकांना दिसत नाही, कारण तो चौकटीबाहेर उभा आहे — हात पूर्ण लांब करून, भलतीकडे पाहत, स्वतः पांढरा होत. बातमी संपते. तो छत्री मिटतो आणि निघून जातो. बोलत नाही.

मावशी पदर तोंडात धरून रडल्या. आई म्हणाली, ‘आमच्या नशिबी कवा बाई असली छत्री.’

मी दुसऱ्याच कारणाने चक्रावले होते. हे दृश्य मी पाहिलेलेच नव्हते! यातले एकही नाही. असे काही पाहून मी विसरणार नाही. झोपेत तर नाहीच.

मग ती रेघ कोणाची?

मावशींवर पुन्हा संशय घेणार नाही. आईवरही नाही. विषय बंद.

१८ एप्रिल

मावशींच्या वाट्याच्या कुरडया आज. ऊन असे की गच्चीवर पाय टेकवत नव्हता. आई चीक हाटत होती.

बाबा वर आले. पाण्याची टाकी भरून वाहिल्याखेरीज ते कधी गच्चीवर येत नाहीत. हातात काळी छत्री. आईपासून हातभर अंतरावर उभे राहिले, हात पूर्ण लांब केला आणि छत्री तिच्या डोक्यावर धरली. स्वतः उन्हात. तोंड कांद्याच्या चाळीकडे.

‘अवो, काय झालं? बरं वाटत न्हाई का तुमाला?’ आई म्हणाली.

ते बोलले नाहीत. मावशींच्या हातातला सोऱ्या थांबला. बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून माझ्या जुन्या इअरफोनची पांढरी वायर लोंबत होती.

पत्रकारितेच्या सर्व निकषांवर ही आजची पहिली बातमी. मी ती दिली नाही.