देवदाराच्या पेटीचा डावा कोपरा

आये,

काल देवदाराची पेटी उघडली. दसऱ्याआधी उघडायचीच, हा तुझाच नेम. लुगडी, शाली सगळं खळ्यात दोरीवर टाकलं, पेटी उन्हात आडवी केली आणि फुटक्या बाटलीची काच घेऊन आतून खरवडायला बसले. सून म्हणाली, "आई, दुकानात डांबराच्या गोळ्या मिळतात, कशाला हात कापून घेताय?" मी म्हटलं, तुझ्या त्या गोळ्यांतलं लुगडं नेसलं की बाई दवाखान्यातनं उठून आल्यासारखी वाटते. ती हसली आणि आत गेली. मग पहिला भुसा निघाला, तो वास आला, आणि मी काच हातात धरून नुसती बसून राहिले. अशा वेळी तुझ्याशी बोलावंसं वाटतं, म्हणून लिहिते. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, तेव्हा तू वाचून माझ्यावर डाफरशील ही भीती नाही.

वाडीचं लुगडं आठवतं ना? तुला नाही आठवणार तर कुणाला. डाळिंबी रेशमाचं, जरीच्या काठाचं, कुणा पणज्यानं गलबतातनं सुरतेहून आणलेलं. वाडीतली प्रत्येक पोर त्यातच बोहल्यावर उभी राहायची आणि लग्नानंतर सोळा दिवसांच्या आत नारळासकट ते आपल्या घरी परत यायचं. तू ते उजेडात धरून बोट बोट तपासायचीस, आणि त्या पोरीचा जीव टांगणीला. असली ऐट होती तुझी. आणि मग एका दसऱ्याला कळकाच्या पेटाऱ्यातनं लुगडं काढलं तर पदराला कसर लागलेली, तांदळाएवढी भोकं. कडुलिंबाचा पाला, मिरी, सगळं घातलेलं होतं तरी. वाडीच्या बाया ऊन दाखवायला जमल्या होत्या, त्यांच्यादेखत. वरच्या घरची काकी म्हणाली, "आता लुगडं आमच्याकडं ठेवूया. तुज्या घरात कसर हाय." तू म्हणालीस, "माज्या घरात नाय, पावसात हाय." शेवटी ठरलं की पुढच्या दसऱ्यापर्यंत बघायचं, एक जरी नवं भोक दिसलं तर लुगडं काकीच्या घरी. त्या दिवशी तू भाकरी थापलीस आणि स्वतः जेवली नाहीस.

बाबा तेव्हा कराचीच्या फेऱ्या करणाऱ्या गलबतावर खलाशांचे म्होरके, तांडेल. नारळीपुनवेला नारळ सोडून जायचे ते वैशाखअखेरीस परतायचे, वर्षातले अडीच महिने काय ते आपले. तुझा निरोप त्यांच्यापर्यंत कुणी पोचवला मला ठाऊक नाही, पण त्या वैशाखात ते होडीतनं उतरले ते खांद्यावर पेटी घेऊन. पिवळसर लाकूड, ना रंग ना नक्षी. ओटीवर ठेवली आणि म्हणाले, "देवदार हाय. लुगड्याला." एवढंच. बोलायला पैसे पडायचे त्यांना. पाणी प्यायले आणि गलबत पावसाआधी वर ओढायला बंदरावर गेले ते दोन दिवस तिकडेच.

आणि तू पेटीकडे बघत राहिलीस. कोरं, उघडं लाकूड, आणि पाऊस तोंडावर आलेला. आपल्या घरात कुणी असं लाकूड पावसाळ्यात शिरू दिलं होतं? दाराच्या चौकटीपासून वल्ह्यापर्यंत सगळ्याला तेल लागायचं, नाहीतर वाळवी खायची. गलबताला लावून उरलेलं मुशी माशाचं तेल पडवीत मडक्यात होतंच. तू पदर खोचलास, चिंधी घेतलीस आणि पेटीला आतून-बाहेरून असं रगडून तेल लावलंस की लाकूड काळंभोर झालं. मी नाक धरून उभी, तर मला म्हणालीस, "बघत काय ऱ्हायलीस? तुजा बापूस येईल तर खूश होईल." मला अजून ते मडकं डोळ्यांपुढे दिसतं, आणि तुझे कोपरापर्यंत तेलकट हात. किती आनंदात होतीस गो.

बाबा येतात, पेटीचं झाकण उचलतात, आणि तसंच हळूच खाली ठेवतात. मग तुझ्याकडे बघून म्हणतात, "अगो, पेटी हाय ती, गलबत नाय. दर्यात लोटायची हाय काय?" मला हसू फुटलं होतं, पण तुझा चेहरा बघून गिळलं. त्यांनी सांगितलं की या लाकडाच्या वासालाच कसर येत नाही, झुरळ येत नाही. त्याला तेल लावायचं नाही, रंग लावायचा नाही. वास उतरला की काचेनं खरवडायचं, तो परत येतो, असं वखारवाल्यानं बजावलं होतं. तू म्हणालीस, "ह्ये आधी सांगाया नको?" ते म्हणाले, "तू इचारलंस काय?" आणि तू, आये, कधी नव्हे ती, सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुमी असता कदी इचाराया?"

ते उठले. बाहेर गेले, रिकामी बाटली दगडावर फोडली आणि काच घेऊन पेटीशी बसले.

तो पावसाळा मला सगळ्यात जास्त आठवतो. बाहेर धो धो, आणि पडवीत पेटीच्या एका अंगाला बाबा, एका अंगाला तू. तू चुलीतली चाळलेली राख पेटीत भरायचीस, राख तेल ओढून घ्यायची, ती टाकायची, मग बाबा खरवडायचे. पुन्हा राख, पुन्हा काच. लुगडं तोवर धोतरात गुंडाळून चुलीच्या वर टांगलेलं. एरवी पावसाळ्यात बाबा जाळी विणायला बंदरावर जायचे, चार बाप्यांत बसायचे. त्या वर्षी गेले नाहीत. कराचीत उंटांच्या गाड्या कशा चालतात, हे लाकूड हिमालयातनं नदीवर तरंगत कसं येतं, असलं काहीबाही ते तुला सांगायचे, आणि तू "व्हय काय?" म्हणत राख भरायचीस. इतकं बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं. माझी फणसाच्या आठळ्या भाजून द्यायची कामगिरी होती, आणि ती मी मन लावून करायची, कारण मी उठून गेले तर ते बोलणं थांबेल असं वाटायचं.

श्रावणात पेटी परत पिवळी झाली. तळाचा डावा कोपरा तेवढा काळा राहिला. तू म्हणालीस, "तेवडा कोपरा ऱ्हायला." बाबा म्हणाले, "पुढल्या पावसात करू." आणि नारळीपुनवेला गेले.

दसऱ्याला सगळ्या बाया आल्या. तू लुगडं काढलंस तेव्हा काकी पुढंच बसलेली. पदर पसरला, काठ पसरले. जुनी रफू केलेली भोकं तेवढी, नवं एकही नाही. काकीनं घडी नाकाशी नेली. "वास बरा हाय गो," म्हणाली, मग नाक मुरडून, "आनि ह्यो दुसरा कसला?" तू म्हणालीस, "ह्या घरचा हाय. तुला नाय जमायचा." लुगडं आपल्याकडेच राहिलं. पुढच्या वैशाखात मी त्यातच उभी राहिले, आणि हे पहिल्या दिवशी मला काय विचारतात, तर तुमच्याकडे मासळी आणली होती का.

बाबांनी तो कोपरा पुढल्या पावसात केला नाही, त्याच्या पुढल्याही नाही. तू दर वर्षी म्हणायचीस, ते दर वर्षी "करू" म्हणायचे. मग तू गेलीस. मी माहेरी आले की बघायची, बाबा पेटी उघडून आत डोकं घालून बसलेले असायचे, बराच वेळ. मला वाटायचं कसर शोधताहेत. म्हातारे झाल्यावर त्यांनी पेटी माझ्याकडे पाठवली. आता कराची परक्या मुलखात गेली, वाडीच्या पोरींना जुनं लुगडं नको असतं, ते पेटीत नुसतं पडून असतं.

काल सून परत बाहेर आली, पेटीत वाकली आणि म्हणाली, "आई, सगळीकडे छान वास येतो, या कोपऱ्यातच घाण वास का? तेवढं खरवडून टाका ना." मी तिला म्हटलं, तिथं काच पोचत नाही.

काच पोचते, आये. चांगली पोचते.