मालदीवहून आलेला तारणहार

२२ फेब्रुवारी
सर्फिंगचा बोर्ड घरात आला. सोफ्यापेक्षा लांब. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तो ठेवायचा कुठे, हा विचार दुकानात असतानाच करायचा असतो, पण माझ्या नवऱ्याला, नेल्सनला, कोण सांगणार. आता तो हॉलमध्ये, येशूच्या तसबिरीखाली आडवा पडलाय. प्रार्थनेला उभं राहायचं तर आधी त्याला ओलांडा.
"ज्युली, ही हॉबी नाहीये. थेरपी आहे."
आमचे पप्पा जन्मभर वसईच्या किनाऱ्यावरून होडी घेऊन गेले. समुद्राला कधी थेरपी म्हणाले नाहीत. जाताना 'जातो', आल्यावर 'आलो'. संपलं.
शिवाय दुबईत लाटा कुठल्या? थंडीत वारा सुटला की दोन-चार दिवस. एरवी समुद्र ताटात वाढलेल्या पेजेसारखा. तरी कारच्या टपावर बोर्ड बांधून हा शेख झायेद रोडवर हिंडतो. लोकांनी बघावं म्हणून.

५ मार्च
राखेचा बुधवार. ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. मी गोड सोडलं. नेल्सन म्हणे, "मी निगेटिव्हिटी सोडणार." म्हणजे माझं ऐकणं.
रमजानमुळे ऑफिस लवकर सुटतं. दुपारी हा आणि आनंद थेट बीचवर. आनंद याच्याच डिपार्टमेंटमधला, वयाने बराच लहान, नाशिकचा. पोहायला स्विमिंग टँकमध्ये शिकलेला. साधा मुलगा. नेल्सन म्हणेल ती पूर्व. त्याच्या बायकोला, पल्लवीला, पाचवा महिना.
संध्याकाळी नेल्सनने व्हिडिओ दाखवला. हा बोर्डवर उभा, हात पसरलेले, मागे सूर्यास्त, वर गिटारचं म्युझिक जोडलेलं. रियाने (आमची, तेरा वर्षांची) फोनवरून मान वर केली. "मॉम, वॉटर ओन्ली कम्स टिल हिज नीज."
नेल्सनने व्हिडिओ बंद केला.

२९ मार्च
ईदची सुट्टी. मालदीव. नेल्सन, आनंद, रिया, मी. पल्लवीला डॉक्टरने बोटीत बसायला मना केलं, म्हणून ती घरी.
विमानतळावरून स्पीडबोट, मग एक छोटं बेट. गेस्टहाउसमध्ये सगळे सर्फर. जगभरातून आलेत आणि सगळ्यांना मिळून शब्द पाचच येतात. ब्रो, सेट, एपिक, स्टोक्ड, ब्रो. प्रत्येकाच्या मनगटाला दोरे. नेल्सननेही जेट्टीवर उतरल्या उतरल्या एक घेतला.
नाश्त्याला एक बाई दिसल्या. साठीच्या पुढच्या, कुठल्या तरी थंड देशातल्या, फुलाफुलांचा स्विमसूट. नाव इंगा. तीन अंडी खाल्ली, बोर्ड काखेत मारला, निघाल्या.
नेल्सन हळूच, "आजीबाई पोहणार की स्वेटर विणणार?"
आनंद हसला. आनंद नेल्सनच्या सगळ्याच जोकना हसतो.

३१ मार्च
जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या हे लोक मलाच सांगतील काय झालं ते.
रिया खोलीवर झोपलेली. मी बोटीत. बोटवाला इंजिनात डोकं घालून बसलेला. लाट जिथे फुटते तिथे खाली प्रवाळाचे खडक, वर जेमतेम कमरेएवढं पाणी. गाइडने सकाळीच बजावलं होतं, मोठ्या लाटा आल्या की आत अडकू नका, कडेच्या खोल पाण्यात या. तो स्वतः दुसऱ्या टोकाला, दोघा नवशिक्यांबरोबर.
मोठ्या लाटा आल्या. एकामागोमाग. आनंदच्या पायाला बोर्ड बांधलेली दोरी तुटली, बोर्ड गेला, तो फेसात. डोकं वर, डोकं खाली. सर्वांत जवळ नेल्सन. आमच्या दारापासून लिफ्ट जेवढी, तेवढा जवळ.
आनंद ओरडला, "नेल्सन! नेल्सन!"
नेल्सनने वळून पाहिलं. मी त्याचा चेहरा पाहिला.
मग त्याने बोर्ड फिरवला आणि खोल पाण्याकडे हात मारत सुटला. एवढा जोर त्याने आजवर कुठल्याही कामात लावलेला मी बघितलेला नाही.
मी किंचाळले. बोटवाला वर आला.
तोवर इंगा. कुठून आली कळलंच नाही. मागून आनंदच्या काखेत हात घातले, त्याला आपल्या बोर्डवर चढवलं. दोन लाटा दोघांच्या अंगावरून गेल्या. मग तिने बोर्ड मागून ढकलत ढकलत बाहेर काढला, खोल पाण्यात, जिथे आमचे हे बसले होते. तिथून बोटीपर्यंत बोर्ड यांनी ओढला. जेमतेम चार हात मारून.
आनंदला वर घेतला. पाठ सोलवटलेली, रक्त. उलट्या. डोळे उघडले तेव्हा समोर नेल्सन.
"नेल्सन... तू होतास म्हणून..."
त्या क्षणी त्याने खरं बोलायचं होतं. नेल्सनने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि गप्प राहिला.
इंगा आपला बोर्ड घेऊन परत लाटांकडे गेली. एकदा वळून विचारलं नाही की कोणी थँक यू म्हणतंय का.

१ एप्रिल
सकाळच्या बोटीने इंगा गेली. मी जेट्टीवर गाठली. काय बोलावं सुचेना, हात धरला फक्त.
"युवर फ्रेंड ओके?"
"येस. बिकॉज ऑफ यू."
"युवर हजबंड वॉज अफ्रेड," ती म्हणाली. "इट हॅपन्स." हवामान सांगावं तसं. आणि बॅग उचलून बोटीत.
दुपारी जेवणाच्या टेबलावर नेल्सन नव्या आलेल्या दोघांना सांगत होता. "आय पुल्ड हिम आउट, ब्रो."
काल 'मदत केली' होतं. आज ओढून काढला. मी डाळीत चमचा फिरवत राहिले. आनंद माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही घाबरला असाल ना?"

८ एप्रिल
पल्लवी आणि आनंद घरी आले. पल्लवीने स्वतः केलेला केक. वर निळ्या क्रीमची लाट. आत येताच ती नेल्सनच्या पाया पडायला वाकली, त्या पोटासकट. नेल्सनने पाय मागे घेतला. उशिरा घेतला. मी बघत होते.
"अहो, काय हे, पल्लवी! कोणीही केलं असतं."
कोणीही केलं असतं!
रिया, "डॅड, आर यू लाइक अ हीरो नाऊ?"
"नो बेबी. जस्ट अ ह्यूमन बीइंग."
केक खाल्ला त्याने. दोन तुकडे. माझा उपवासकाळ, मी गोड खात नाही. देवाचे आभार.

१५ एप्रिल
कंपनीने नेल्सनला सेफ्टीच्या कार्यक्रमात बोलायला पाठवलं. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात, दिवसभर साइटवर राबून आलेल्या लोकांसमोर. 'संकट में साथी को मत छोड़ो.' हा विषय. याला.
व्हिडिओ घरी आणून दाखवला. आता गोष्टीत तो बोटीतून उडी मारतो. बोटीतून! बोटीत मी होते. इंगा अर्थात नाहीच. एकदा 'कुछ फॉरेनर लोग देखते रह गए' असं एक वाक्य आलं, त्यात ती असावी.
पहिल्या रांगेतला एक माणूस बसल्या बसल्या झोपला होता. त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.
नेल्सन म्हणाला, "कसं वाटलं?"
"आवाज स्पष्ट आहे," मी म्हटलं.

१९ एप्रिल
आज कळलं. हे नुसतं फुशारक्यांवर थांबणार नाहीये.
दोघं मिळून धंदा काढतायत. इथल्या ऑफिसवाल्यांना मालदीवला नेऊन सर्फिंग शिकवायचं. चार दिवस तीन रात्री, फॅमिली वेलकम. आनंद नोकरी सोडून तिकडे बेटावरच राहणार. बाळ झालं की पल्लवीही जाणार. आणि पाण्यात लोकांची जबाबदारी कोणाकडे? वॉटर सेफ्टी हेड, नेल्सन.
मी विचारलं, "तू पण रिझाइन करतोयस?"
"मी पहिलं वर्ष जॉबवर राहीन. कोणीतरी बॅकअप लागतो ना, ज्युली."
वाटलंच. हा कडेच्या खोल पाण्यात बसणार, आनंद आत.
आनंदला फोन केला. म्हटलं, नीट विचार कर, घरात बाळ येतंय. तो हसला. "वहिनी, दुसरा कोणी पार्टनर असता तर मी नसती मारली उडी. पण ज्याने मला मरणातून काढला, त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?"


२० एप्रिल
ईस्टर. मिस्सा झाली. चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांची ही रांग. रिया मैत्रिणीच्या गाडीतून गेली. आम्ही दोघंच. एसी चालू. मी म्हटलं, "मी पाहिलं होतं."
"काय?"
"त्याने तुला हाक मारली. तू वळलास. बघितलंस. आणि गेलास."
मागचा हॉर्न मारत होता.
मग नेल्सन म्हणाला, "मला मरायचं नव्हतं, ज्युली."
इतक्या दिवसांतलं पहिलं खरं वाक्य. मला त्याची दया आली, खरंच आली. घाम फुटला होता त्याला, एसीत. लग्नात असाच घामेजला होता.
"भीती वाटली त्याला मी काही म्हणत नाही," मी म्हटलं. "माझीही हिंमत झाली नसती कदाचित. पण तू केक खाल्लास. कॅम्पात जाऊन भाषण दिलंस. आणि आता त्याला तिथे नेऊन बसवतोयस."
"तो मला माफ नाही करणार."
"नको करू दे."
"ऑफिसमध्ये तोंड कसं दाखवू?"
बघा! मरता मरता वाचला आनंद, आणि प्रश्न याच्या तोंडाचा.
"त्याला सांग," मी म्हटलं. "त्याने राजीनामा द्यायच्या आत."
"सांगतो. इन्शाल्ला."
"इन्शाल्ला नको. सांग."

२४ एप्रिल
संध्याकाळी नेल्सन आनंदला भेटून आला. बूट काढता काढता म्हणाला, "सांगितलं."
"सगळं?"
"हो, सगळं."
"काय म्हणाला?"
"हसला. म्हणाला, जाऊ दे यार. खलास."
"हसला?"
"हो. काय प्रॉब्लेम आहे तुला? सांगितलं ना?"
मी त्याच्याकडे बघत राहिले. सोळा वर्षांचं लग्न. दूध उतू गेल्यासारख्या गोष्टीतही हा खोटं बोलतोय की खरं, हे मला स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळायचं. आज कळलं नाही. खरं असेलही. आनंद तसा आहे, माफ करून टाकेल. किंवा विषयही न काढता हे दोघं बीचवर बसून ज्यूस पिऊन आले असतील. नेल्सन टीव्ही लावून बसला. रियाने विचारलं, "व्हाय आर यू स्टेरिंग ॲट डॅड?" मी म्हटलं, भाजी चिर.

२७ एप्रिल
सुट्टीची सकाळ संपत आली तेव्हा आनंदचा मेसेज. 'वहिनी, उद्या राजीनामा देतोय. आता मागे वळणं नाही. नेल्सन आहे म्हणून मला कसलीच भीती नाही.' पुढे हात जोडलेले, नारळाचं झाड, लाट.
तीनदा वाचला. ज्याला गुरुवारी कळलं तो असं लिहील? कोणी लिहीत असेलही. मी इथे बसून अर्थ लावणारी कोण. विचारलेलं बरं.
लिहिलं, 'पल्लवीला घेऊन ये. आत्ताच. दोघंही या.'
लगेच उत्तर आलं, 'निघालोच.'
नेल्सन बोर्डला मेण घासत बसला होता. मान वर न करता, "कोणाशी चॅट करतेस?"
"आनंदशी. दोघं येतायत."
त्याचा हात थांबला. "कशाला?"
"चहाला," मी म्हटलं. "ऊठ. चार कप टाक. आणि तू पण बसायचं आमच्यात."
तो अजून किचनमध्ये आहे. दूध फ्रिजमधून बाहेर काढलेलं दिसतंय. गॅस पेटल्याचा आवाज नाही.
बाहेर लिफ्टचं दार वाजलं.